पटावर हरण्याचे शहाणपण

‘खेळ’ हा शब्द मराठी मध्यमवर्गीय घरात दोन निरनिराळ्या स्वरांत उच्चारला जातो. मुलगा मैदानावरून घामाघूम होऊन, गुडघे फोडून घरी आला की आई रागावते, पण त्या रागात कौतुक मिसळलेले असते. तोच मुलगा संगणकासमोर तासन्‌तास बसला की घरातल्या स्वराला चिंतेची धार येते. ही चिंता अनाठायी आहे असे कोणीही जबाबदार माणूस म्हणणार नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीसह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. त्या निर्णयामागचे कारण राष्ट्रीय सुरक्षेचे होते. तरीही देशातील असंख्य पालकांनी त्या दिवशी सुटकेचा निःश्वास टाकला, तो आपल्या घरातली शांतता परत मिळेल या आशेने. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांना त्या कायद्याने मज्जाव केला आणि कौशल्याच्या ई-क्रीडेला मात्र वेगळे, मान्यतेचे स्थान दिले. कायदेमंडळाने केलेला हा विवेक घराघरांतून अजून व्हावयाचा आहे. पालकांच्या लेखी पडद्यावर हलते ते सारे एकच, आणि ते सारे वाईट.

या सरसकट निवाड्यात एका छोट्या पण गंभीर प्रकाराची गणना होते, आणि त्यामुळे त्याच्यावर अन्याय होतो. हा प्रकार म्हणजे संगणकावरील युद्धक्रीडा. येथे बंदुकीच्या गोळ्यांचा वर्षाव नसतो, रक्ताचे सडे नसतात, बोटांच्या चपळाईला काडीची किंमत नसते. समोर एक नकाशा असतो, बहुधा षट्कोनी घरांत विभागलेला. त्यावर नद्या, खिंडी, लोहमार्ग, पूल आणि शहरे दाखवलेली असतात. सैन्याच्या तुकड्या लहानशा चौकोनी सोंगट्यांच्या रूपात मांडलेल्या असतात आणि प्रत्येक सोंगटीमागे तिचे बळ, तिचा थकवा, तिच्याजवळचा दारूगोळा, तिचे मनोधैर्य यांचे आकडे असतात. शत्रू कोठे आहे हे पूर्ण दिसत नाही. युद्धावर नेहमीच पसरलेले धुके या नकाशावरही पसरलेले असते. एक चाल ठरवायला कधी तास लागतो, कधी संध्याकाळ. हा खेळ खेळणारा मनुष्य बाहेरून पाहणाऱ्याला हिशेब तपासणाऱ्या लेखापालासारखा दिसतो, आणि ती तुलना फारशी चुकीचीही नाही.

या क्रीडेचे मूळ शोधत गेले तर वाट भारतातच येऊन पोहोचते. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून ज्याला चतुरंग हे नाव मिळाले, तो खेळ इराणमार्गे जगभर गेला आणि बुद्धिबळ म्हणून स्थिरावला. १७८० मध्ये जर्मनीतील ब्रन्सविक येथे हेलविग नावाच्या अध्यापकाने बुद्धिबळाच्या पटाचा विस्तार करून त्यावर निरनिराळ्या रंगांनी डोंगर, दलदल आणि नदी दाखवली. पुढे प्रशियात फॉन राइसवित्झ या पितापुत्रांनी पटाला निरोप देऊन खऱ्या भूमीचा नकाशा घेतला. पित्याने १८१२ मध्ये आपली रचना राजापुढे मांडली आणि पुत्राने १८२४ मध्ये तिचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. लढाईतील अनिश्चितता फाशांनी दाखवली जाऊ लागली आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक निष्पक्ष पंच बसला. प्रशियाचे सेनाप्रमुख म्युफ्लिंग ती पाहायला आले ते थोड्याशा अनिच्छेने. पाहून झाल्यावर हा खेळ नव्हे, हे तर युद्धाचे शिक्षण आहे, असा त्यांचा अभिप्राय झाला आणि सैन्यात तिचा प्रसार झाला. चतुरंगात मात्र दोन गोष्टी नव्हत्या. त्यात घोड्याला चारा लागत नाही, आणि प्रतिपक्षाचे सारे मोहरे डोळ्यांपुढे असतात. युरोपने त्या पटात रसद आणली, धुके आणले आणि पंच आणला. मूळ आपले, पण पुढची दोनशे वर्षांची साधना त्यांची, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

या पंचाचे महत्त्व किती, हे दुसऱ्या महायुद्धातील दोन प्रसंगांवरून कळते. १९४२ च्या आरंभी ब्रिटनचे अन्नधान्य आणि इंधन घेऊन येणारे जहाजांचे तांडे अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्यांना बळी पडत होते. क्षयरोगामुळे नौदलातून निवृत्त व्हावे लागलेल्या गिल्बर्ट रॉबर्ट्स या अधिकाऱ्याला लिव्हरपूल येथे एक छोटे पथक उभारण्यास सांगण्यात आले. पथकात बहुतांशी नौदलाच्या महिला शाखेतील तरुण मुली होत्या. त्यांतील कित्येकींनी समुद्रावरचे युद्ध कधी पाहिलेही नव्हते. खोलीच्या जमिनीवर खडूने रेषा आखून समुद्र करण्यात आला आणि संरक्षक नौकेच्या कप्तानाची भूमिका करणाऱ्याला पडद्याआडून, एका फटीतून, तेवढेच दिसू दिले जाई जेवढे खऱ्या समुद्रावर रात्री दिसले असते. जुन्या लढायांच्या नोंदी या जमिनीवर पुन्हा खेळून पाहताना रॉबर्ट्स यांच्या ध्यानात आले की पाणबुड्या लांबून मारा करत नाहीत. रात्री पाण्यावर तरंगत त्या तांड्याच्या रांगांमध्येच शिरतात. या निष्कर्षावर नवे डावपेच बेतले गेले आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी त्या जमिनीवर शिकून गेले. त्या विभागाचे सेनापती अ‍ॅडमिरल मॅक्स हॉर्टन हे स्वतः पहिल्या महायुद्धातील नामांकित पाणबुडी कप्तान. त्यांनी पाणबुडीची बाजू घेऊन खेळून पाहिले आणि पडद्यापलीकडच्या जॅनेट ओकेल या तरुण मुलीकडून ते वारंवार हरले. सेनापतीने तो पराभव मानला आणि पथकाचे काम दुप्पट विश्वासाने पुढे चालू राहिले.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात जपानचे नौदल मिडवे बेटावरील मोहिमेची रंगीत तालीम करत होते. ‘यामातो’ या महाकाय युद्धनौकेवर पट मांडला गेला होता. पंचाने फासे टाकून निर्णय दिला की अमेरिकी विमानांच्या माऱ्यात जपानच्या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. प्रमुखपदी असलेले रिअर अ‍ॅडमिरल उगाकी यांनी तो निर्णय तेथल्या तेथे फिरवला, बसलेल्या बॉम्बची संख्या घटवली आणि पुढच्या डावात तर बुडालेली नौका पुन्हा तरंगू लागली. जपानी वैमानिक मित्सुओ फुचिदा यांच्या ग्रंथात हा वृत्तान्त आला आहे. त्यांच्या एकूण कथनातील अनेक तपशिलांविषयी नंतरच्या इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे. परंतु इतिहासाने दिलेला निर्णय फिरवणे कोणाच्याही हाती नव्हते. जून १९४२ मध्ये मिडवेजवळ जपानने दोन नव्हे, चार विमानवाहू नौका गमावल्या. लिव्हरपूलच्या खोलीत एका मुलीने सेनापतीला हरवले आणि सेनापती शहाणा झाला. ‘यामातो’वर फाशांनी सत्य सांगितले आणि अधिकाऱ्याने फाशांनाच खोटे ठरवले. युद्धक्रीडेचा सारा उपयोग आणि तिची सारी मर्यादा या दोन चित्रांत सामावलेली आहे.

मराठी वाचकाला यापुढची कथा अधिक जवळची आणि अधिक क्लेशदायक वाटेल. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे कोल्हापूर परिसरातले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी पराक्रम गाजवला होता आणि कोरियात भारतीय दलाचे नेतृत्व केले होते. लष्कराच्या पूर्व विभागाची सूत्रे त्यांच्याकडे असताना, १९५९ च्या ऑक्टोबर महिन्यात, ईशान्य सीमेच्या संरक्षणाविषयी त्यांनी एक टिपण सादर केले. त्यापाठोपाठ मार्च १९६० मध्ये लखनौच्या मुख्यालयात त्यांनी ‘लाल किल्ला’ या नावाने युद्धसराव घडवून आणला. चीनने आक्रमण केले तर ते कोणत्या वाटांनी येईल, हाती असलेले बळ किती अपुरे पडेल आणि पुढची ठाणी किती काळ तग धरतील, याचे चित्र त्या पटावर उभे राहिले. थोरातांचे सांगणे साधे होते. अगदी सीमेवरच्या दुर्गम कड्यांवर निर्णायक लढाई देऊ नये. आपली रसद जेथे सहज पोहोचेल आणि शत्रूची रसद जेथे ताणली जाईल, अशा मागच्या ओळीवर पाय रोवावेत. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांनी त्यांचे टिपण घबराट पसरवणारे ठरवून बाजूला सारले, असे थोरातांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे नामका चू नदीकाठी, सुती गणवेशात, मोजक्या काडतुसांनिशी उभ्या असलेल्या भारतीय ब्रिगेडवर चिनी सैन्य कोसळले. तिच्यापर्यंत रस्ता पोहोचलेला नव्हता. तिचे अन्न आणि दारूगोळा विमानातून टाकला जात होता आणि त्यातला बराचसा दऱ्यांत जात होता. १९ नोव्हेंबरला बोमडिलाही हातचे गेले. पटावर जे दोन वर्षांपूर्वी दिसले होते, ते जवानांच्या रक्ताने पुन्हा लिहिले गेले.

‘लाल किल्ला’ सरावात दोष नव्हता, त्याच्या पंचाने पक्षपात केला नव्हता. अप्रिय निष्कर्ष ऐकून घेण्याची सवय राज्यकर्त्यांना नव्हती, आणि राज्यकर्त्यांना ही सवय समाजाकडूनच लागत असते. युद्ध म्हणजे शौर्य आणि शौर्य म्हणजे विजय, एवढीच समजूत ज्या समाजात रुजलेली असते, तेथे रसदीचा, रस्त्यांचा, हवामानाचा हिशेब मांडणारा माणूस भित्रा ठरतो. हाच धडा दोनशे वर्षे आधी पानिपताने शिकवला होता. १७६० च्या ऑक्टोबरअखेर अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठा सैन्य व दक्षिण यांच्यामध्ये तो उभा राहिला. त्यानंतर दोन महिन्यांहून अधिक काळ दोन्ही छावण्या समोरासमोर होत्या. डिसेंबरमध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली वाटही बंद झाली. लढणाऱ्यांच्या बरोबरीने यात्रेकरू, बायकामुले, बाजारबुणगे अशी हजारो न लढणारी तोंडे छावणीत होती. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ रणात उतरले ते उपाशी फौज घेऊन. त्या दिवसाच्या पराक्रमाविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण पराभवाची कारणे लढाईच्या दिवशी सुरू झालेली नव्हती. ती यमुनेच्या उतारावर, धान्याच्या गोण्यांत आणि छावणीच्या शिरगणतीत आधीच लिहिली गेली होती. त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपतावर आयुष्याचा मोठा काळ खर्च केला, तो याच प्रकारच्या कठोर तपासणीसाठी.

आता आजच्या काळात यावे. दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धक्रीडा सेनामुख्यालयांच्या बाहेर पडून सामान्य नागरिकांच्या घरी आली. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये ‘टॅक्टिक्स’ हा खेळ खोक्यात घालून विकायला आणला आणि १९५८ मध्ये त्यांच्याच अ‍ॅव्हलॉन हिल या संस्थेने अमेरिकी यादवी युद्धातील गेटिसबर्गच्या लढाईवर खेळ काढला. संगणक घरोघरी येताच ही विद्या पडद्यावर गेली. १९८१ मध्ये ख्रिस क्रॉफर्ड यांनी रशियाच्या आघाडीवरील युद्धाचा खेळ रचला. १९८२ पासून गॅरी ग्रिग्सबी यांनी ग्वाडलकनालपासून अख्ख्या प्रशांत महासागरापर्यंत एकामागून एक मोहिमा संगणकात उतरवल्या. त्यांच्या परंपरेतील ‘वॉर इन द पॅसिफिक’ या खेळात डिसेंबर १९४१ पासूनच्या युद्धातील एकेक दिवस ही एकेक चाल असते. कोणते मालवाहू जहाज कोणत्या बंदरातून किती तेल घेऊन निघेल, इथपर्यंतचे आदेश खेळाडूनेच द्यायचे असतात, आणि त्या नकाशावर मुंबई व कलकत्ता ही बंदरेही आहेत. दोन खंडांत राहणारे, एकमेकांना कधीही न भेटलेले दोन गृहस्थ ई-मेलने चालींची देवाणघेवाण करत असा एकच डाव कित्येक वर्षे खेळत राहतात. हा चिवटपणा ज्याला केवळ वेळेचा अपव्यय वाटतो, त्याने दूरदेशीच्या मित्राशी पत्राने बुद्धिबळ खेळणाऱ्या जुन्या पिढीची आठवण करावी.

अशा नागरी खेळांची किंमत सेनादलांनाही कळलेली आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले, त्याच दिवशी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मार्क हर्मन या क्रीडारचनाकाराला बोलावून घेतले. कारण आखातातील संघर्षावर बेतलेला त्यांचा ‘गल्फ स्ट्राइक’ हा खेळ १९८३ पासून दुकानांत मिळत होता आणि त्यातील हिशेब त्या घडीला उपयोगाचा होता. २०१३ मध्ये आलेल्या ‘कमांड’ या आधुनिक नाविक व हवाई युद्धाच्या संगणकीय खेळाची एक व्यावसायिक आवृत्ती परदेशी सेनादले अभ्यासासाठी वापरतात. भारतीय सेनादलांत युद्धसरावाची परंपरा दीर्घ आहेच; २०२२ मध्ये लष्कराने गांधीनगरच्या राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाशी युद्धक्रीडा संशोधन केंद्रासाठी सहकार्याचा करार केला, ही स्वागतार्ह घटना होय. परंतु सेनादलांच्या भोवती जो सुजाण नागरिकांचा घेर असावा लागतो, तो अशा करारांनी निर्माण होत नाही. तो घराघरांत तयार व्हावा लागतो.

या खेळांभोवती जमलेल्या जगभरच्या मंडळींची एक रीत भारतीय समाजाने आवर्जून पाहावी अशी आहे. डाव संपला की, आणि कित्येकदा चालू असतानाच, खेळाडू आपल्या मोहिमेचा वृत्तान्त लिहून इतरांपुढे ठेवतो. त्यात तो आपल्या चुका लपवत नाही. अमुक दिवशी आपण घाईने पूल ओलांडला, मागच्या डेपोतला साठा मोजला नाही, शत्रूला मूर्ख समजलो, म्हणून दोन डिव्हिजन वेढल्या गेल्या, असे तो तारीखवार सांगतो. निवृत्त सैनिक, इतिहासाचे अध्यापक, अभियंते, महाविद्यालयीन विद्यार्थी त्यावर चर्चा करतात. एखाद्या रणगाड्याच्या चिलखताची जाडी चुकली असे कोणी म्हटले तर त्याला मूळ कागदपत्र दाखवावे लागते, आणि चूक सिद्ध झाली तर खेळाचे नियमच बदलले जातात. वादात आवाज चढतही असतील, कारण माणसे सर्वत्र सारखीच. पण तेथील प्रतिष्ठा विजयाच्या संख्येवर मिळत नाही. ज्याचा वृत्तान्त प्रामाणिक आणि ज्याचा आधार पक्का, त्याच्या शब्दाला वजन येते. सभासंमेलनांचे अहवाल नेहमी ‘यशस्वी’च लिहिले जातात, असा अनुभव असलेल्या कोणत्याही संस्थेच्या कार्यकर्त्याने या रीतीपुढे क्षणभर थांबून विचार करावा.

या क्रीडेवर घेतले जाणारे आक्षेप मात्र दुर्लक्षून चालणार नाहीत. पहिला आक्षेप सर्वांत गंभीर आहे: माणसांचे मरण येथे आकडा होऊन जाते. इटलीतील मोहिमेवरच्या पटावर भारतीय दहाव्या डिव्हिजनची सोंगटी एका घरातून दुसऱ्या घरात सरकते आणि तिचे बळ थोडे घटते. त्या घटलेल्या आकड्यात माणगाव तालुक्यातील एक तरुण असतो. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात मराठा पलटणीच्या नायक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील सारे सहकारी मशिनगनच्या माऱ्यात ठार वा जखमी झाले, तेव्हा ते एकटे त्या मोर्च्यावर धावून गेले. तो मोर्चा त्यांनी जिंकला आणि तेथेच प्राण ठेवला. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर होता. नकाशासमोर बसलेल्याला त्यांचे नाव दिसत नाही. म्हणून ज्या घरात असा खेळ खेळला जातो, त्या घरात त्या मोहिमेचा इतिहास आणि सैनिकांच्या आठवणी वाचल्या गेल्याच पाहिजेत. एवढे पथ्य पाळले तर हाच खेळ उलटा परिणामही करतो. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये, महायुद्धाच्या आदल्या वर्षी, खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांवर पुस्तक लिहिले. खोलीतला हा लहानसा खेळ ज्याने खेळला, त्याला खरे महायुद्ध केवढी भयंकर घोडचूक असेल हे उमगते, असा त्यांचा सांगावा होता. दोन डाव हरलेला तरुण चौकात उभा राहून ‘एकदाचा निकाल लावून टाका’ असे सहजासहजी म्हणत नाही. निकाल लावण्यासाठी किती पूल, किती डबे आणि किती माणसे लागतात, हे त्याने मोजलेले असते.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि एकलकोंडेपणाचा. तो खरा आहे. पटावरच्या मोहिमेपायी मैदान सुटले, झोप मोडली, दहावी-बारावीचा अभ्यास मागे पडला, तर त्या मोहिमेला घरातून कोणाचाच पाठिंबा असू नये. युद्धशास्त्र शिकणाऱ्याने पहाटे उठून धावावे, हे सांगण्यासाठी कोणा सेनापतीची गरज नाही. तिसरा आक्षेप दृष्टिकोनाचा. खेळ रचणारा ज्या देशाचा, त्या देशाच्या स्मृतीतील युद्धे पटावर येतात. नॉर्मंडी, स्टालिनग्राड आणि गेटिसबर्ग यांवर शेकडो खेळ आहेत. इंफाळ-कोहिमावर मोजके, आणि मराठ्यांच्या मोहिमांवर तर शोधूनच काढावे लागतात. परदेशी प्रकाशकांनी अलीकडे भारताकडे लक्ष वळवले आहे: अमेरिकेतील जीएमटी या संस्थेने २०१९ मध्ये स्वातंत्र्यचळवळीवर ‘गांधी’ हा आणि २०२४ मध्ये दख्खनच्या मध्ययुगावर ‘विजयनगर’ हा पटावरील खेळ प्रसिद्ध केला. दुसऱ्याने आपला इतिहास खेळात मांडला याचा आनंद मानावा, पण त्याबरोबर थोडी लाजही वाटावी. पुण्या-मुंबईत आणि बंगळुरूत बसून जगाच्या संगणकप्रणाली लिहिणारे हजारो मराठी तरुण आहेत. मोडीतील कागदपत्रे वाचणारे अभ्यासक आहेत, सह्याद्रीच्या घाटवाटा पायांखाली घातलेली मंडळी आहेत. या तिघांची गाठ पडली तर पानिपताचा आणि पालखेडचा अस्सल पट येथेच तयार होऊ शकेल.

मात्र तो पट तयार करताना एक मोह कटाक्षाने टाळावा लागेल. भाऊसाहेबांना दर वेळी जिंकवणारा खेळ पहिल्या दिवशी टाळ्या घेईल आणि दुसऱ्या दिवशी निरुपयोगी ठरेल. ‘यामातो’वर उगाकींनी जे केल्याचे सांगितले जाते, तेच तो घरोघरी करील. खरा पट तो, ज्यावर खेळाडूला धान्याची गोणीन् गोणी मोजावी लागेल, यात्रेकरूंना दिल्लीतच ठेवायचे की सोबत न्यायचे हे ठरवावे लागेल, यमुनेच्या उतारांवर पहारे बसवायला माणसे काढावी लागतील आणि इतके करूनही हरण्याची शक्यता शिल्लक राहील. अशा पटावर जो जिंकेल, त्याला भाऊसाहेबांच्या अडचणी कळतील. जो हरेल, त्याला त्यांच्याविषयीचा आदर अधिक समजून उमजून वाटेल. आणि त्याच पटावर १७२८ ची पालखेडची मोहीम मांडली, तर थोरल्या बाजीरावांनी समोरासमोरची लढाई टाळत, मुलुख पेटवत निजामाला त्याच्या जड तोफखान्यापासून कसे तोडले आणि पाण्यावाचून कोंडीत कसे पकडले, हे शंभर व्याख्यानांनी समजणार नाही इतके एका संध्याकाळी समजेल. बाजीरावांचा विजय आणि भाऊंचा पराभव हे दोन्ही एकाच हिशेबाचे दोन ताळे आहेत. एकाचा अभिमान बाळगायचा आणि दुसऱ्याचा नुसता शोक करायचा, यात इतिहासाचा अभ्यास घडत नाही.

म्हणून पालकांनी पडदा बंद करण्यापूर्वी त्यावर काय चालले आहे, ते एकदा शेजारी बसून पाहावे. या खेळात पैसे लागतात काय? हा खेळ विचार करायला वेळ देतो, की विचार करूच देत नाही? डाव कोठे तरी संपतो, की मुलाला बांधून ठेवण्यासाठीच तो कधी संपत नाही? खेळून झाल्यावर मुलगा वा मुलगी एखादे पुस्तक उघडते काय, नकाशात एखादी नदी शोधते काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील तर पडदा खुशाल बंद करावा. समाधानकारक असतील तर घरातल्या त्या छोट्या सेनापतीला आणखी एकच गोष्ट विचारावी. ‘जिंकलास का?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याऐवजी ‘कसा हरलास, ते सांग पाहू’ असे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत सवडीने ऐकावे. रसद कोठे तुटली, कोणाला कमी लेखले, कोणता अप्रिय अहवाल बाजूला ठेवला, हे सांगायला जो मुलगा वयाच्या पंधराव्या वर्षी शिकेल, तो पन्नाशीत ज्या टेबलाशी बसेल, त्या टेबलावर आलेले एखाद्या थोरातांचे टिपण न वाचता बाजूला सारणार नाही.